पगाराची तारीख

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘चांगला कामगार टिकत नाही’ ही रड आपल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चहाच्या गाड्यावर रोज ऐकू येते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही त्यात सूर मिसळायचो. माझं जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग करून देण्याचं वर्कशॉप, माणसं १४.

तेव्हा माझा सीएनसीचा सेटर, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन कामाला लावून देणारा कारागीर, सोडून गेला. खानापूर तालुक्यातला पोरगा, आयटीआय करून माझ्याकडेच तयार झालेला. ड्रॉइंग हातात दिलं की पहिलाच पीस ओके. गेला कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत. मला वाटलं, दोन-तीन हजारांसाठी गेला. गणपतीत गाठ पडली तेव्हा म्हणाला, “पगारात फरक न्हाई मालक. खोलीभाडं गेलं की हातात कमीच ऱ्हातंय. पण थितं ७ तारखेला पैसे जमा हुतात बघा.”

माझ्याकडे पार्टीचं, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीचं, बिल सुटेल तेव्हा पगार, कधी १२ तारखेला, कधी १८. त्याची भिशी १० तारखेची. तीनदा मेव्हण्यापुढे हात पसरला होता म्हणे. मला पत्ताच नाही!

पगार ७ तारखेच्या आत द्यायचा, हा कायदाच आहे. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकवायचं हाही २००६ पासून कायदा आहे आणि मोठ्या पार्ट्या तो कसा पाळतात ते आम्ही भोगतोच. पण त्यांचा राग पोरांच्या भिशीवर काढून काय उपयोग? मी बँकेत सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची कर्जमर्यादा, वाढवून घेतली. व्याज पडतं, पण नवा सेटर शिकेपर्यंत जेवढा माल रिजेक्ट झाला, त्यापेक्षा ते स्वस्त आहे.

जुलैत रोप लावणीला निम्मी माणसं गावी जाणार, हे ठाऊक असूनही मी त्यांची गैरहजेरी मांडायचो. आता जूनमध्येच गावी जायच्या पाळ्या ठरवतो. ओव्हरटाइम दुप्पट दराने देतो, तोही पगाराबरोबरच.

ग्रॅच्युइटीचं, म्हणजे पाच वर्षं नोकरी झालेल्या माणसाला सोडताना द्यायच्या रकमेचं, मात्र बोललंच पाहिजे. पाच वर्षं भरत आली की राजीनामा लिहून घ्यायचा आणि महिन्याने त्याच माणसाला नव्याने भरती करायचं, ही चलाखी आपल्याकडे सर्रास चालते. १८ हजार मूळ पगारावर पाच वर्षांचे सुमारे ५२ हजार होतात, तेवढ्यासाठी! असं करणारे एक शेजारी परवा मलाच विचारत होते, “तुमच्या ओळखीत एखादा सेटर आहे का हो?”

आपला,
एक वर्कशॉप मालक, उद्यमबाग, बेळगाव