तुर्की ‘स्पायडर-मॅन’ची टिंगल थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जगातल्या ‘सर्वांत टुकार’ चित्रपटांवर जो लेख आला, त्यात १९७३ सालच्या ‘उच देव आदाम’ (तीन महाबली) या तुर्की चित्रपटाची चार ओळींत वासलात लावली आहे. दिग्दर्शक टी. फिक्रेत उचाक यांचे साधे नावही त्यात नाही. हा चित्रपट मला मनापासून आवडतो, म्हणून हे पत्र.

लेखात त्याला ‘हॉलिवूडची नक्कल’ म्हटले आहे. नक्कल नेमकी कशाची? १९७३ पर्यंत हॉलिवूडने स्पायडर-मॅनवर एकही चित्रपट काढलेला नव्हता. ज्या चित्रपटाने तो आपल्या घराघरांत पोचला, तो २००२ मध्ये आला. कॅप्टन अमेरिकाचीही १९४४ सालची एक जुनी सिरियल तेवढी होती. इस्तंबूलच्या मंडळींनी नावे आणि पोशाख उचलले, गोष्ट मात्र स्वतः रचली. त्यांच्या गोष्टीत स्पायडर-मॅन चक्क खलनायक आहे, खोट्या डॉलरचा धंदा करणाऱ्या टोळीचा म्होरक्या. त्याच्या मागावर कॅप्टन अमेरिका येतो, आणि त्याच्या जोडीला मेक्सिकोचा मुखवटेवाला कुस्तीगीर सांतो. सांतो हा खराखुरा पहिलवान. मेक्सिकोत त्याचे पन्नासहून अधिक चित्रपट निघाले. कॉमिकमधला सैनिक आणि आखाड्यातला मल्ल इस्तंबूलच्या पोलिसांच्या मदतीला धावतात, ही कल्पना तोवर अमेरिकेत कुणाला सुचली होती?

स्पायडर-मॅनचा पोशाख हिरवा-लाल आहे आणि मुखवट्याच्या भोकांतून त्याच्या जाड भुवया बाहेर आलेल्या दिसतात. या भुवयांवर सगळे हसतात. मला त्या पाहून धडकी भरते. पहिल्याच प्रसंगात समुद्रकिनाऱ्यावर एका बाईला गळ्यापर्यंत वाळूत पुरले आहे आणि मोटारबोटीचा फिरता पंखा तिच्या तोंडाकडे सरकवला जातो. तिथे या माणसाचे डोळे बघा. मला तो प्रसंग धड बघवत नाही आणि लहान मुलांना तर तो मुळीच दाखवू नये. पण तेवफिक शेन या नटाने अंगावर काटा आणणारा खलनायक उभा केला आहे, याचे श्रेय त्याला मिळाले पाहिजे. कॅप्टन अमेरिका झालेल्या आयतेकिन अक्काया यांच्या हातात ढालसुद्धा नाही. सारा भार अंगावर घेऊन ते मारामारी करतात.

त्या काळी तुर्की चित्रपटसृष्टीचे केंद्र असलेल्या, इस्तंबूलच्या बेयोलू भागातल्या येशिलचाम गल्लीतून वर्षाला तीनशेच्या आसपास चित्रपट निघत. आवाज नंतर डब व्हायचा, पार्श्वसंगीत परदेशी रेकॉर्डवरून घेतले जायचे. दिग्दर्शक कुंत तुलगार यांनी १९७९ मध्ये ‘सुपरमेन दोनुयोर’ (सुपरमॅन परत येतो) केला, तेव्हा उडण्याच्या दृश्यांसाठी एक बाहुला वापरला. मागे पडद्यावर सरकती दृश्ये, पुढे लाल झगा घातलेला बाहुला. अवकाशातले ग्रह म्हणून नाताळच्या झाडावरचे चकाकते गोळे. हॉलिवूडच्या ‘सुपरमॅन’ला लाभला तसा पैसा जवळ नव्हता, तरी आपल्या प्रेक्षकाला माणूस उडताना दाखवायचाच, ही जिद्द होती. त्याला टुकार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हक्क विकत घेतले नव्हते, परवानगी मागितली नव्हती. हे चूकच होते आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण त्यावर टीका करायची तर ती व्यवहारावर करावी. पडद्यावर राबणाऱ्या नटांची आणि तंत्रज्ञांची खिल्ली कशासाठी?

आणखी एक. ज्या धूसर, कडा कापलेल्या चित्राला आपण हसतो, ते बनवणाऱ्यांचे पाप नव्हे. यांतले कितीतरी चित्रपट जगाने पाहिले ते व्हिडिओ कॅसेटच्या कॉपीच्या कॉपीवरून. १९८२ च्या ‘दुन्यायी कुर्तारान आदाम’ (जगाला वाचवणारा माणूस) या तुर्की चित्रपटाचेही तेच झाले. त्याची ३५ मिमीची प्रिंट एका निवृत्त प्रोजेक्टर चालकाकडे मिळाली, ती २०१६ मध्ये उजेडात आली आणि तिच्यावरून नवी डिजिटल प्रत झाली, तेव्हा कुठे त्या छायाचित्रणातले खरे रंग लोकांना कळले. आपल्याकडे ‘आलम आरा’ची एकही प्रत उरलेली नाही. टाकाऊ म्हणून हिणवलेल्या चित्रपटाची रिळे सांभाळायला कोण पुढे येणार?

माझी आपल्याला विनंती आहे, की पुरवणीत या चित्रपटांवर पुन्हा लिहाल तेव्हा दिग्दर्शक, नट आणि साल यांचा उल्लेख जरूर करावा. आणि पुण्या-मुंबईच्या फिल्म सोसायट्यांनी दोन मिनिटांच्या क्लिपवर न भागवता ‘उच देव आदाम’ सबटायटल्ससह अख्खा दाखवावा. सोबत येशिलचामची माहिती देणारे एक टिपणही वाटावे. ते लिहायची माझी तयारी आहे.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली