बाबा, इंजिन चालू झालं

स्टुटगार्ट

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली खरी, पण इंजिनातलं काही तुम्हाला नीट दिसलं नाही आणि तेवढ्यात चिनूने फोन ओढून घेतला. "जुनीच कायले घेतली? अन् इतके दिवस तिच्यात काय करून राहिली?" हा तुमचा प्रश्न राहूनच गेला. म्हणून सगळं सविस्तर लिहिते. तुम्हाला आवडेल याची खात्री आहे, कारण यातली निम्मी विद्या गणेशपेठेतल्या तुमच्या गॅरेजातली आहे.

गाडी रिमोटवर चालणारी मॉन्स्टर ट्रक आहे, ट्रॅक्सस कंपनीची टी-मॅक्स. हे मॉडेल पहिल्यांदा १९९९ मध्ये आलं. माझ्याकडची त्यानंतरची, २.५ सीसीचं इंजिन असलेली. चारही चाकांना ताकद, प्रत्येक चाकाला दोन असे आठ शॉक अ‍ॅब्सॉर्बर, दोन गिअर, वर रिव्हर्स. वजन चार किलोच्या आसपास, आणि मोकळ्या जागेत ताशी पन्नास किलोमीटर सहज गाठते. खेळण्याच्या कपाटात ठेवायची ही वस्तू नव्हे. आत खरं टू-स्ट्रोक इंजिन आहे, बाबा, आपल्या लुनाचं आणि राजदूतचं असायचं तसं, फक्त मुठीत मावणारं.

मागच्या मालकाने टाकीत इंधन तसंच ठेवून गाडी तळघरात टाकून दिली होती. त्यामुळे ती स्वस्तात मिळाली, आणि त्यामुळेच जाम होती. या इंधनात पेट्रोलचा थेंब नसतो. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. लुनाच्या पेट्रोलमध्ये आपण जेवढं ऑइल घालायचो त्याच्या कितीतरी पट तेल यात असतं, बहुतेकदा एरंडेल आणि सिंथेटिक मिळून. मिथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ती ओल बेअरिंगला गंज चढवते, आणि एरंडेल वाळून पिस्टनला लाखेसारखं चिकटतं. फ्लायव्हील हाताने फिरेना. अशा वेळी जोर लावून फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, म्हणून मी आधी ग्लो प्लग काढून वरून तेल सोडलं, इंजिनाचं हेड केसांच्या ड्रायरने तापवलं आणि मग हळूहळू पिस्टन सोडवला.

ग्लो प्लग म्हणजे काय ते सांगायलाच हवं, कारण या इंजिनाला मॅग्नेटो नाही, कॉइल नाही, ठिणगीच नाही. प्लगच्या तोंडाशी प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तार असते. सुरू करताना दीड व्होल्टची बॅटरी लावून ती लाल करायची. एकदा इंजिन चाललं की बॅटरी काढून घ्यायची. मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की तिथे उष्णता निर्माण होते आणि तार आपोआप लाल राहते. नायट्रोमिथेनचं काम वेगळं. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन आहे, त्यामुळे तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळतं आणि ताकद वाढते. युरोपीय संघात मात्र २०२१ पासून सामान्य माणसाला परवान्याशिवाय सोळा टक्क्यांहून जास्त नायट्रोमिथेनचं इंधन विकत नाहीत, कारण त्यापासून स्फोटकं करता येतात. मी सोळा टक्क्यांचंच वापरते. रोजच्या चालवण्याला ते पुरतं.

पूर्ण इंजिन खोललं तेव्हा तुमची फार आठवण झाली. पिस्टनला रिंगच नाही! पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, तो ज्यात वरखाली होतो तो स्लीव पितळेचा आणि आतून क्रोम चढवलेला. स्लीव वरच्या बाजूला किंचित निमुळता असतो. थंड असताना पिस्टन अगदी वर आला की तिथे घट्ट अडकतो, आणि इंजिन तापलं की पितळ फैलून बरोबर फिट बसतं. म्हणून कॉम्प्रेशन तपासायला गेज लागत नाही. थंड इंजिनाचं फ्लायव्हील बोटांनी फिरवायचं आणि वरच्या टोकाला किती चावतं ते पाहायचं. माझं अजून छान चावतं. नाहीतर स्लीव-पिस्टनचा नवा जोड घ्यावा लागला असता, आणि त्या पैशात दुसरी जुनी गाडी आली असती. काम संपल्यावर पिस्टन नेहमी खाली ठेवून गाडी ठेवायची, वर अडकवून ठेवली की स्लीव कायमचा सैल होतो.

जळलेलं एरंडेल काढायची युक्ती ऐका. सुटे केलेले धातूचे भाग, रबर आणि प्लॅस्टिक सगळं बाजूला करून, मंद आचेच्या विजेच्या भांड्यात जुन्या कूलंटमध्ये रात्रभर ठेवायचे. उकळायचं नाही, नुसतं गरम. सकाळी काळा थर ब्रशने निघून येतो आणि खालचं अ‍ॅल्युमिनियम नव्यासारखं दिसतं. पण कूलंट विषारी आहे. माझं भांडं फक्त याच कामाचं आहे, ते बाल्कनीत असतं आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे. धुतल्याबरोबर बेअरिंगला आणि क्रँकला तेल लावायचं, नाहीतर तासाभरात गंज येतो.

मागचं बेअरिंग खरखरत होतं. ते मी तुमच्याच पद्धतीने काढलं, क्रँककेस तापवून. तुम्ही ब्लो लॅम्प वापरायचे, मी छोट्या ओव्हनमध्ये तापवलं आणि लाकडाच्या फळीवर आपटलं, बेअरिंग आपोआप बाहेर पडलं. नवीन बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवलं होतं, ते तापलेल्या केसमध्ये हाताने बसलं. हातोडा लागलाच नाही. चाकांची बेअरिंगही बदलली, ५×११×४ मिलिमीटरची, कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे मिळणारी.

नवीन काय लावलं, हेही तुम्ही विचाराल. दादा म्हणतो तसं निळ्या-लाल अ‍ॅल्युमिनियमचं सगळं लावून टाकता येतं, बाजारात रग्गड मिळतं. मी लावलं नाही. चाक धरणारा प्लॅस्टिकचा आर्म दगडावर आदळला तर वाकतो, फार तर तुटतो, आणि तो बदलणं स्वस्त आहे. तिथे कडक धातू लावला की तो मार पुढे सरकतो आणि गिअरबॉक्सचं घर किंवा चॅसिस फुटतं. त्यामुळे आर्म मूळचेच ठेवले. ड्राइव्हशाफ्ट पोलादी घातले, कारण तिथे नुसता पीळ बसतो. चाकांचे चौदा मिलिमीटरचे षटकोनी हब काढून सतरा मिलिमीटरचे घातले, म्हणजे मोठ्या चाकाने ते घासले जाणार नाहीत. कार्बोरेटरखालचा आणि मागच्या झाकणाचा ओ-रिंग बदलला, इंधनाची सिलिकॉनची नळी बदलली, टाकीच्या झाकणाची रबर सील बदलली. हे सगळं दिसतही नाही, पण यातलं एक जरी हवा खात असलं तर ट्यूनिंग कधीच बसत नाही. शॉकमध्ये नवीन सिलिकॉन ऑइल भरलं, ते पटकन झालं.

सर्वात महत्त्वाचा बदल रिमोटचा. जुना २७ मेगाहर्ट्झचा होता, मी २.४ गिगाहर्ट्झचा घेतला. यात सिग्नल तुटला की रिसीव्हर स्वतःच अ‍ॅक्सिलरेटर बंद करून ब्रेक लावतो. शिवाय रिसीव्हरची बॅटरीच संपली तर कार्बोरेटर बंद व्हावा म्हणून वेगळी स्प्रिंगही लावली. चार किलोची गाडी फुल रेसवर माणसांत घुसली तर पाय मोडेल. चिनूच्या हातात द्यायची आहे, म्हणून या दोन गोष्टींवर मी जराही तडजोड केली नाही.

आता ट्यूनिंग. कार्बोरेटरला इंधन कमी-जास्त करणाऱ्या दोन सुया आहेत, एक फुल स्पीडची, एक स्लो स्पीडची, आणि आयडलचा स्क्रू वेगळा. सुरुवात नेहमी जास्त इंधनावर. मग फुल स्पीडची सुई जराशी आवळायची, गाडी पळवायची, धूर पाहायचा, परत. धुराची निळसर रेघ मागे सतत दिसली पाहिजे. इंधन कमी पडलं की गाडी सुसाट पळते, आवाज चढत जातो, आणि नवशिक्या माणसाला वाटतं आता मस्त झाली. तेच इंजिन थोड्या वेळात सीज होतं, म्हणजे जाम होऊन बसतं, कारण तेल इंधनातूनच येतं. मी इन्फ्रारेड थर्मामीटरने हेड तपासते, १०५ ते १२० अंश सेल्सिअसमध्ये ठेवते. पण खरं सांगू? थर्मामीटर उचलायच्या आधीच मला कळतं. तुम्ही चेतक ट्यून करताना मला शेजारी उभं करायचे, "पोरी, आधी आवाज आईक, पाना मंग उचल" म्हणायचे. तो कान मला इथे उपयोगी पडून राहिला. इथल्या क्लबमधली पोरं मला आता आपल्या गाड्या ऐकवायला आणतात, आणि मी त्यांना सांगते की हे माझ्या वडिलांनी शिकवलं.

दादाने विचारलं, बॅटरीवाली घे ना, त्रास नाही. बरोबर आहे, हल्लीच्या बॅटरीच्या गाड्या जास्त वेगवान आहेत, आवाज नाही, साफसफाई नाही. इथे रविवारी शांतता पाळायची असते, त्यामुळे माझी गाडी मला शनिवारीच गावाबाहेर न्यावी लागते. तरीही मला हीच हवी. आठवडाभर मी स्क्रीनवरच्या आकड्यांवर काम करते. शनिवारी हाताला तेल लागतं, इंजिन काहीतरी मागतं आणि ते काय मागतंय हे मला समजतं, यात मला फार समाधान आहे.

डिसेंबरात नागपूरला येताना गाडी सोबत आणेन. इंधन विमानात नेता येत नाही, आणि टाकी-इंजिनाला त्याचा वासही राहता कामा नये, म्हणून सगळं धुऊन कोरडं करून आणावं लागेल. तिकडे तयार मॉडेल इंधन कुठे मिळतं याची चौकशी तुम्ही करून ठेवा. पण नुसतं मिथेनॉल आणून घरी मिसळायचं नाही, बाबा. ते पोटात गेलं तर डोळे जातात, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसतही नाही. तयार, सीलबंद डबाच पाहा. नाही मिळाला तर गाडी तशीच राहू देऊ, त्याची घाई नाही.

सुया तिथे पुन्हा लावाव्या लागतील. उंचीचा प्रश्न नाही, नागपूर सुमारे ३१० मीटरवर आणि स्टुटगार्ट २५० च्या आसपास. फरक हवेचा. इथे हिवाळ्यात थंड हवा दाट असते, म्हणून सुई बाहेर काढून जास्त इंधन द्यावं लागतं, आणि इंजिन गरमच होत नाही म्हणून हेडभोवती अ‍ॅल्युमिनियमची पट्टी गुंडाळते. आपल्याकडे डिसेंबरातल्या दुपारी ती पट्टी लागणार नाही. मेमध्ये मात्र हवा इतकी पातळ आणि तापलेली असते, की सुई आत घेतल्यावर इंजिन नेमकं किती तापेल याची मला काळजीच वाटते. त्या दिवसांत चालवायची तर पहाटेच.

एक गोष्ट तुम्हालाच विचारायची आहे. दुसरा गिअर आपोआप पडतो, फिरण्याच्या वेगाने, आणि तो कधी पडावा हे एका छोट्या स्प्रिंगच्या स्क्रूवर ठरतं. आवळला की उशिरा पडतो. सध्या मोकळ्या मैदानावर ठीक आहे, पण चढावर लवकर पडतो आणि इंजिन दबतं. उशिरा पाडला तर सपाटीवर पहिल्या गिअरमध्ये इंजिन विनाकारण ओरडतं. राजदूत घेऊन तुम्ही रामटेकच्या गडाचा चढ चढायचे, तेव्हा गिअर कुठल्या आवाजाला बदलायचे? पुढच्या फोनवर सांगा, त्याप्रमाणे स्क्रू लावून पाहते आणि व्हिडिओ पाठवते.

आईला नमस्कार, गुडघ्याची गोळी वेळेवर घे म्हणावं. दादा-वहिनींना नमस्कार, चिनूला खूप आशीर्वाद.

तुमची,
शुभा