यंदाच्या फराळाचे पैसे उत्तर श्रीलंकेतल्या मुहमालईचे सुरुंग काढायला – मंडळाचं आवाहन

मंडळी नमस्कार, दरवर्षी दिवाळीच्या फराळ विक्रीतून जे उरतं ते आपण कुठल्यातरी चांगल्या कामाला देतो, यंदा ते उत्तर श्रीलंकेत भूसुरुंग काढायच्या कामाला द्यायचं असं कमिटीत ठरलंय. ग्रुपवर हे टाकल्या टाकल्या मेसेज आले की श्रीलंका कशाला, गावाकडे काय कमी प्रॉब्लेम आहेत का. प्रश्न रास्त आहे, म्हणून एकदाच नीट लिहितोय. जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी एक सांगा, लंडनच्या या भागात आपण कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, गणपतीला केळीची पानं, पूजेचे नारळ आणतो कुठून? उत्तर श्रीलंकेतल्या जाफनाकडच्या तमिळ लोकांच्या दुकानातूनच ना. आपले नेहमीचे दुकानवाले अण्णा गणपतीत मंडळाला दरवर्षी नारळ कमी भावात देतात, तर त्यांच्या सासरची नारळाची बाग पळ्ळईजवळ आहे, म्हणजे कँडीहून जाफनाला जाणाऱ्या ए-९ रस्त्यावर. श्रीलंकेचं सरकार आणि वेगळं तमिळ राज्य मागणारी बंडखोर संघटना एलटीटीई यांच्यातलं युद्ध संपलं मे २००९ मध्ये. त्यानंतर कित्येक वर्षं त्या बागेच्या कडेला कवटीचं चित्र असलेले लाल बोर्ड होते, आणि घरच्यांना आपलेच नारळ रस्त्यावरून बघावे लागत होते, खाली पडले तरी उचलायचे नाहीत.

पळ्ळईच्या जरा पुढे मुहमालई. जाफना द्वीपकल्पाला जोडणारी जमिनीची जी चिंचोळी पट्टी आहे ना, तिथेच. एप्रिल २००० मध्ये एलटीटीईने तिथलाच एलिफंट पासचा सरकारी सैन्याचा तळ घेतला आणि आघाडी जी मुहमालईला येऊन अडकली ती थेट जानेवारी २००९ पर्यंत. म्हणजे इतकी वर्षं दोन्ही सैन्यं समोरासमोर खंदक खणून बसलेली, आणि दोघांनीही सुरुंग पेरले, एकावर एक थर, पुढे सरकले की परत नवीन. पाकिस्तानी बनावटीचे पी-४, चिनी टाइप ७२, एलटीटीईने स्वतः बनवलेले लाकडी पेटीतले जॉनी ९५, सगळं एकाच वाळूत. पी-४ म्हणजे बूट पॉलिशची डबी समजा, तेवढीच. प्लास्टिकची, धातू जवळजवळ नाहीच.

आणि खरी गोची इथेच आहे. आपल्याला वाटतं मेटल डिटेक्टर फिरवला, पीं वाजलं, काढला सुरुंग. पण तिथल्या जमिनीत गोळ्या, छर्रे, पत्र्याचे तुकडे इतके आहेत की मशीन पावलापावलाला वाजतं, आणि ज्याच्यासाठी फिरवतोय तो प्लास्टिकचा सुरुंग मात्र हुकायची भीती. म्हणून श्रीलंकेत लांब दांड्याची दंताळी वापरायची पद्धत रुळली. होय, साधी दंताळी. अंगावर जाड एप्रन, तोंडावर काच, आणि समोरची माती थोडी थोडी करून आपल्याकडे ओढायची, एक थर झाला की त्याखालचा. असं करत दिवसाला एका माणसाचे काही चौरस मीटरच होतात. उन्हात. हे काम करणाऱ्यांत बायका भरपूर आहेत, कित्येक जणी युद्धात नवरा गेलेल्या, घर त्यांच्या पगारावर चालतं. त्यामुळे तुमचा पैसा तिथे मुख्यतः पगारात जातो, आणि मला विचाराल तर तो तिथेच जायला हवा.

दुसरा भाग गावातल्या लोकांना शिकवायचा. शाळेत चित्रं दाखवतात, अनोळखी वस्तूला हात लावू नका, सुरुंगाच्या भागात शिरलात असं वाटलं तर जागीच थांबा, मदतीसाठी हाक मारा, ग्राम निलधारीला कळवा (तो म्हणजे आपला ग्रामसेवकच). पोरं पटकन शिकतात, प्रश्न मोठ्यांचा आहे. त्यांना धोका माहीत नसतो असं नाही हो, चांगला माहीत असतो, पण सरपण आणायचं असतं, भंगार विकून चार पैसे मिळतात, शेत साफ करून कचरा पेटवायचा असतो आणि खाली काहीतरी पुरलेलं असतं. पोट रिकामं असेल तर नुसतं पोस्टर बघून माणूस थांबत नाही. म्हणून शिकवणं आणि जमीन मोकळी करणं दोन्ही एकत्रच करावं लागतं, नुसत्या शिकवणीला पैसे द्या असं कोणी म्हणालं तर मी तरी दोनदा विचार करीन.

आता आपला काय संबंध. १९८७ ते १९९० मध्ये भारताची शांतिसेना तिथे होती, ११०० हून जास्त जवान परत आले नाहीत. मराठा लाइट इन्फंट्री होती, महार रेजिमेंट होती. मुंबईत वाढलेले मेजर रामास्वामी परमेश्वरन ८ महारचे, २५ नोव्हेंबर १९८७ ला तिथेच पडले, परमवीर चक्र मिळालं. आपल्या मंडळातही एक-दोन घरं आहेत ज्यांचे वडील किंवा काका त्या वेळी तिथे होते. युद्ध संपल्यावर भारतातल्या निवृत्त सॅपर्सच्या (म्हणजे सैन्यातले सुरुंग काढणारे इंजिनिअर जवान) टीम्स सुरुंग काढायला गेल्या, आणि जाफनाची रेल्वे परत उभी केली ती आपल्या इरकॉनने (भारत सरकारची रेल्वे बांधणारी कंपनी), ऑक्टोबर २०१४ मध्ये गाडी जाफनाला पोचली. तेव्हा अगदीच परकं प्रकरण नाहीये. कोण बरोबर कोण चूक हा वाद मात्र कृपया ग्रुपवर नको, अण्णांच्या दुकानात तर अजिबातच नको.

आणि आत्ताच का, तर श्रीलंका डिसेंबर २०१७ मध्ये ओटावा करारात, म्हणजे भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात आली, त्यानुसार सगळे सुरुंग काढायची मुदत १ जून २०२८ आहे. (भारताने त्यावर सही केलेली नाही, ते वेगळं.) काम बरंच झालंय, आणि नेमकं त्यामुळेच पैसा आटतोय, कारण देणाऱ्यांना वाटतं झालं की आता. त्यात युक्रेन, गाझा यांची गरज मोठी, आणि २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा जगभर अशी कामं अडकली. पण उरलेला तुकडा एखाद्याच्या घराला लागून असला तर त्याला बाकीचा जिल्हा साफ झाल्याचं काय कौतुक.

पैसे कुठे द्यायचे यावर बरीच चर्चा झाली. स्कॉटलंडची हेलो ट्रस्ट आणि मँचेस्टरची मॅग, सुरुंग काढणाऱ्या या दोन्ही संस्था तिथे काम करतात, शिवाय डॅश ही तिथलीच स्थानिक संस्था आहे. आपण मॅगला द्यायचं ठरवलं, दोघीही चांगल्या आहेत, कुठेतरी थांबायला हवं होतं. रक्कम श्रीलंकेच्याच कामाला लावता येईल का असं विचारणार आहोत, नाही म्हणाले तरी द्यावेत असं माझं मत, सुरुंग दुसऱ्या देशातला असला तरी पाय माणसाचाच जातो.

आता व्यवहाराचं. फराळाचा डबा ही खरेदी, त्यावर गिफ्ट एड (दानावर भरलेला टॅक्स सरकार संस्थेला देतं ती इथली योजना) मिळत नाही. त्यामुळे डब्याचे पैसे मंडळाच्या खात्यात टाका आणि वरचं दान वेगळं, थेट डोनेशन पेजवरून द्या, इथे टॅक्स भरत असाल तर गिफ्ट एडची टिक न विसरता करा, प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून वर मिळतात. स्टुडंट मंडळींनी पुरेसा टॅक्स भरला नसेल तर टिक करू नका, नाहीतर तो फरक तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. पाच पौंड दिलेत तरी चालेल, नाव-रक्कम कुठे जाहीर करणार नाही. भारतातल्या नातेवाइकांना पाठवायला सांगू नका, नुसती कटकट होते.

हिशोब नेहमीप्रमाणे जमाखर्चासकट ग्रुपवर येईल, पावतीच्या फोटोसह. अण्णांनी यंदा फराळाचं खोबरं फुकट देतो म्हटलंय, आपण अर्धे पैसे तरी घ्या म्हणून त्यांच्या मागे लागलोय.

चकली आणि करंजीच्या ऑर्डरी शुक्रवारपर्यंत खजिनदारांना पाठवा. बेसन भाजायला शनिवारी अजून दोन माणसं हवीत, ज्यांना जमेल त्यांनी आत्ताच सांगा, गेल्या वेळेसारखं ऐनवेळी नको.