पन्नास मीटर मोजायला विद्यार्थ्यांनाच उतरू द्या

संपादक महोदय,

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ विकायचे नाहीत आणि त्यांची जाहिरातही करायची नाही, असा नियम केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये केला. त्याही आधी, २०१७ मध्ये, आपल्या राज्य सरकारने शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड काढायला सांगितलं होतं. मी कोपरखैरण्यात राहते आणि अकरावीत शिकते. दहावीपर्यंत हा नियम मला कुणीही सांगितला नाही. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे कशात किती साखर असते हे सांगणारे फलक, लावायला सांगितलं, त्याच्या बातम्या वाचताना तो कळला.

मग आम्ही काही मित्रमैत्रिणींनी ठरवलं, मोजूनच बघू. शिवणकामाची टेप दीड मीटरची, ती कुठे पुरणार? एकाच्या बाबांकडे बांधकामावर वापरतात तसली लांब टेप होती, ती आणली. एकाने फाटकाच्या खांबाशी टोक धरायचं, बाकीच्यांनी फूटपाथने पुढे जायचं. ५० मीटर ऐकायला थोडे वाटतात, पण त्यात बरंच काही मावतं. स्टेशनरीचं दुकान, डेअरी, चायनीजची गाडी, वडापावची गाडी, सरबतवाला. स्टेशनरीच्या दुकानातसुद्धा वह्या आत कपाटात आणि पाच-दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा बाहेर, तिसरी-चौथीतल्या मुलाचा हात सहज पोचेल अशा उंचीवर. सकाळची शाळा सुटून दुपारची भरते, तेव्हा या माळा बघता बघता रिकाम्या होतात. निम्म्या मुलांच्या दप्तरात भरलेला डबा असतो, तो तसाच घरी जातो.

थंड पेयाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर आम्ही मोबाइलने मोठा करून वाचला. साखर १०० मिलीला १० ग्रॅमच्या वर. म्हणजे २५० मिलीच्या एका बाटलीत साधारण सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असली तर उत्तम. मोठ्या माणसाच्या हिशेबाने ते ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. आठ वर्षांच्या मुलाचा वाटा त्याहून कमी. तो एका बाटलीत संपतो, आणि सकाळच्या दुधातली साखर, बिस्किटं, जॅम अजून मोजायचंच आहे.

यावर नेहमी एक प्रश्न येतो. आपल्याच ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर मुलं कुपोषित असताना लठ्ठपणाचं काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे आणि तो झटकून टाकू नये. पण युनिसेफने २०२५ मध्ये सांगितलं की ५ ते १९ वयोगटात जगभर लठ्ठ मुलांचं प्रमाण (९.४ टक्के) कमी वजनाच्या मुलांपेक्षा (९.२ टक्के) पहिल्यांदाच जास्त झालं. आपल्या देशातही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्क्यांवर गेलं. पाच रुपयांचं पाकीट आता पाड्यावरच्या दुकानातही मिळतं. पोट भरल्यासारखं होतं आणि अंगाला काही लागत नाही, हे दोन्हीकडे सारखंच. त्यामुळे एका प्रश्नासाठी दुसरा बाजूला ठेवायची गरज नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. वर्गात एखादा मुलगा जाडा असला की त्याला ‘ढब्बू’ म्हणून हाक मारतात, खेळाच्या तासाला तो कुणालाच संघात नको असतो आणि शिक्षकही हसण्यावारी नेतात. तो मुलगा मग मैदानावर यायचंच बंद करतो. लठ्ठपणाविरुद्धच्या मोहिमेत त्या मुलाकडे बोट दाखवलं जाणार असेल, तर अशी मोहीम नको. त्याच्या हाताशी ती माळ कुणी टांगली, हे विचारायला हवं.

गाडीवाल्यांवर कारवाई करून फोटो काढणं सोपं आहे. आम्ही ज्या मावशींशी बोललो, त्या म्हणाल्या, “पोरं पेरू घेत नाहीत बाळा, संध्याकाळी माल टाकावा लागतो.” त्यांचं पोट त्या गाडीवर आहे. राज्यभरातली फळं पहाटे वाशीच्या बाजारात उतरतात, आणि तिथून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावरच्या शाळेबाहेर पेरू विकणारीला तोटा होतो. फळं, उकडलेलं कणीस, शेंगा, काकडी विकणाऱ्यांना शाळेजवळची जागा आणि परवाना आधी द्यावा, असं महापालिकेने ठरवलं तर मावशींचा माल बदलेल.

तंबाखूसाठी शाळेपासून १०० यार्डांवर पिवळी रेघ मारायची पद्धत आहे. तशीच रेघ ५० मीटरवरही हवी. रेघ दिसली तर निदान चौथीतला मुलगाही विचारेल की ही कशाची. आणि ती तपासायचं काम विद्यार्थ्यांना द्या. कुठे काय मिळतं, किती वाजता गर्दी होते, स्पर्धेच्या बॅनरवर कुठल्या कंपनीचं नाव असतं, हे आमच्याइतकं कुठल्याही निरीक्षकाला माहीत नसतं, कारण गिऱ्हाईक आम्हीच आहोत. ब्रिटनमध्ये ‘बाइट बॅक’ या चळवळीतली किशोरवयीन मुलं २०१९ पासून जंक फूडच्या जाहिरातींविरुद्ध थेट सरकारशी आणि कंपन्यांशी बोलत आहेत. आपल्याकडेही केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक वर्गातून दोन विद्यार्थी आरोग्याचे संदेशवाहक म्हणून नेमायची तरतूद आहे. त्यांना घोषवाक्यांच्या स्पर्धेत न अडकवता हे काम सोपवता येईल.

आम्ही मोजणीचा नकाशा विभाग कार्यालयात आणि अन्न व औषध प्रशासनाकडे देणार आहोत. नवी मुंबईतल्या आणि ठाण्यातल्या पालकांना एकच विनंती आहे. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत मुख्याध्यापकांना विचारा, की ५० मीटरच्या नियमाची पाटी शाळेत कुठे लावली आहे आणि उपाहारगृहाच्या समितीवर किती विद्यार्थी आहेत.

– अकरावीतील एक विद्यार्थिनी, कोपरखैरणे, नवी मुंबई