लेटरमन यांना विसरू नये

संपादक महोदय,

अमेरिकी यादवी युद्धाविषयी आपल्याकडे जे छापून येते ते बहुतेक ग्रँट, ली आणि शेर्मन या सेनापतींभोवती फिरते. उत्तरेच्या म्हणजे संघराज्याच्या पोटोमॅक सेनेचे वैद्यकीय संचालक जोनाथन लेटरमन (१८२४–१८७२) यांचे नावही त्यात येत नाही. त्या युद्धात सर्वाधिक जीव वाचवणाऱ्या अधिकाऱ्यांत त्यांची गणना व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

पेनसिल्व्हेनियात जन्मलेले लेटरमन १८४९ मध्ये डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी लष्करात दाखल झाले. पुढची बारा-तेरा वर्षे फ्लोरिडा, मिनेसोटा, न्यू मेक्सिको अशा दूरच्या ठाण्यांवर गेली. जून १८६२ मध्ये पोटोमॅक सेनेची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा जखमींच्या गाड्या सामान पुरवणाऱ्या खात्याच्या ताब्यात होत्या. अधिकारी त्यांतून आपले सामान वाहत, आणि जखमी उचलायचे काम बँडवाल्यांवर सोपवलेले असे. दोन चाकी गाड्या इतके हिसके देत की मोडलेले हाड प्रवासात आणखी सरके.

लेटरमन यांनी आखलेल्या व्यवस्थेनुसार, २ ऑगस्ट १८६२ च्या आदेशाने गाड्या, घोडे आणि माणसे वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हाताखाली आली. सैन्याच्या मोठ्या तुकडीपासून लहान तुकडीपर्यंत कोअरला कॅप्टन, डिव्हिजनला फर्स्ट लेफ्टनंट, ब्रिगेडला सेकंड लेफ्टनंट, रेजिमेंटला सार्जंट असा अधिकारक्रम ठरला. प्रत्येक गाडीबरोबर हाकणारा, दोन शिपाई आणि दोन स्ट्रेचर. जखमींखेरीज कोणाला आणि औषधांखेरीज कशालाही गाडीत जागा नाही. खरा फरक या ताब्यामुळे पडला. शस्त्रक्रियेची साधने जुनीच होती. त्याच महिन्याच्या अखेरीस बुल रनच्या दुसऱ्या लढाईत संघराज्याचेच सेनापती पोप यांच्या सैन्यात ही व्यवस्था नव्हती, आणि कित्येक जखमी जवळजवळ आठवडाभर रणांगणावर पडून राहिले. १७ सप्टेंबरला अँटिटमच्या लढाईत संघराज्याचे साडेनऊ हजारांच्या आसपास सैनिक जखमी झाले. संघराज्याच्या ताब्यातल्या भागातले जखमी दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत हलवलेले होते.

ऑक्टोबरमध्ये लेटरमन यांनी रुग्णालयांची रचना बदलली. पूर्वी प्रत्येक रेजिमेंटचा तंबू वेगळा असल्याने एका तंबूतले डॉक्टर रिकामे बसत आणि शेजारच्या तंबूत रांगा लागत. आता सगळे डिव्हिजनच्या एका रुग्णालयात आले. शस्त्रक्रिया करायला तीनच जण, तेही हुद्दा न बघता कौशल्यावर निवडलेले, आणि प्रत्येकाच्या हाताखाली तीन सहायक. एक डॉक्टर फक्त अन्न व निवारा पाही, तर दुसरा फक्त नोंदी ठेवी. ही नोंदवही मला फार मोलाची वाटते, कारण त्यामुळे कोण जखमी, कुठे आणि उपचार काय, हे पहिल्यांदाच नीट कागदावर येऊ लागले.

जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईत मात्र व्यवस्था अडखळली. सेनापती मीड यांनी सामानाचे काफिले मागे ठेवायला लावले, त्यामुळे गाड्या असूनही तंबू आणि अन्न वेळेवर पोचले नाही. लढाईनंतर सैन्य दक्षिणेचे सेनापती ली यांच्या मागावर निघाले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या वीस हजारांहून अधिक जखमींसाठी लेटरमन यांनी अवघे १०६ सर्जन मागे ठेवले. पुढे आणखी लढाई होईल हा त्यांचा हिशेब होता. ती झाली नाही, आणि त्या निर्णयावर झालेली टीका मला योग्य वाटते.

मार्च १८६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने हीच रुग्णवाहिका पद्धत कायद्याने सर्व सैन्याला लागू केली. त्याच वर्षाअखेर लेटरमन लष्करातून बाहेर पडले आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी कॉरोनरचे, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचे, काम केले. यापुढे आपल्या पत्रात अँटिटम किंवा गेटिसबर्गवर लेख आला, तर जखमी रणांगणावरून कसे हलवले गेले हेही त्यात यावे, ही विनंती.

– एक वाचक, पुणे