नगरसेविका झालेल्या लेकीस

सोलापूर,
दि. 8 फेब्रुवारी 2026

चि. अक्का हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू घरी आलीस की दारात चार माणसे अर्ज घेऊन उभी असतात आणि हातातला चहा संपेपर्यंतही आपले धड बोलणे होत नाही, म्हणून एकाच गावात राहत असूनही हे पत्र लिहायला बसलो आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या धामधुमीतच मतदान झाले, निकाल लागला, हार झाले, गुलाल झाला. अभिनंदनाचे फलक अजून चौकाचौकांत आहेत. तुझ्या नावाचे तेवढे तू स्वतः सांगून उतरवून घे. माझी नोकरी कारकुनी टेबलामागे गेली आणि त्या टेबलासमोर येऊन बसणारे नगरसेवक मी सर्व पक्षांचे आणि सर्व तऱ्हांचे पाहिले. त्या पाहण्यातून जे मनात राहिले आहे, तेवढेच सांगतो.

2017 साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि तेव्हापासून यंदाच्या 15 जानेवारीच्या मतदानापर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षे, महापालिकेचा कारभार प्रशासकांकडे होता. या काळात कामे झालीच नाहीत असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. काही कामे तर सभागृह असते त्याहून लवकर मार्गी लागली. परंतु सर्वसाधारण सभेचे अधिकार, स्थायी समितीचे अधिकार आणि अंमलबजावणी हे सारे एकाच टेबलावर आल्यामुळे, एखादे काम का झाले नाही किंवा अमुकच ठिकाणी का झाले, हे उघडपणे विचारणारे आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहून घेणारे कोणी उरले नव्हते. लोकांनी तुम्हाला निवडून दिले आहे ते मुख्यतः या विचारण्यासाठी.

1949 च्या महापालिका अधिनियमात अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांकडे ठेवलेला आहे. नगरसेविकेने फोन करून कनिष्ठ अभियंत्याला किंवा आरोग्य निरीक्षकाला झापले तर व्हिडिओ चांगला निघतो, पण त्याला कायद्याचे बळ काहीच नसते आणि तो माणूस पुढच्या वेळी तुझा फोन उचलत नाही. तुझे बळ लेखी प्रश्नात आहे, प्रभाग समितीत आहे, स्थायी समितीवर गेलीस तर त्या सोळा जणांत आहे आणि अंदाजपत्रकाच्या सभेत आहे. शिवाय जन्माचा किंवा मृत्यूचा दाखला ठरलेल्या मुदतीत मिळणे हा 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने नागरिकाचा हक्कच झालेला आहे. तो दाखला स्वतः मिळवून आणून ‘ताईंनी करून दिले’ असे म्हणवून घेऊ नकोस. ज्याला जे हक्काने मिळायचे आहे ते उपकार म्हणून वाटायचे, ही आपल्याकडच्या पुष्कळशा लोकप्रतिनिधींची जुनी खोड आहे, आणि मला ती साध्या लाचेपेक्षा वाईट वाटते, कारण तीत घेणाऱ्याची मानही खाली जाते.

आता पाण्याविषयी, कारण तुझ्याकडे येणाऱ्या दर दोन अर्जांतला एक पाण्याचा असणार. आपल्या गावाला पाणी येते ते उजनी धरणातून थेट जलवाहिनीने, टाकळीजवळ भीमेच्या पात्रातून आणि थोडे हिप्परग्याच्या तलावातून. हिप्परग्याचा तलाव इंग्रजांनी 1871 साली पुरा केला, तेव्हा या गावाच्या आजच्या पसाऱ्याची कोणाला कल्पनाही नसेल. उजनी भरून वाहिली तरी आपल्या नळाला चार-पाच दिवसांआडच पाणी येते, त्यामुळे ‘धरणात पाणी नाही’ हे उत्तर सरसकट ऐकून घेऊ नकोस. पाणी उचलण्याची क्षमता, जलवाहिनीची क्षमता, टाक्यांची साठवण आणि गावातील वितरण या साखळीत ते कोठे अडते हे नकाशा समोर ठेवून समजून घे.

वितरण मात्र कागदावर समजत नाही. तुझ्या प्रभागात पाण्याची पाळी असेल त्या दिवशी, ती पहाटेची असली तरी, व्हॉल्व्ह सोडणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर एकदा फिरून ये. लोखंडी झाकण उचलून तो खड्ड्यात उतरतो, लांब चावी बसवून आटे मोजत व्हॉल्व्ह फिरवतो, आणि किती आटे उघडले की कोणत्या गल्लीच्या कोणत्या घरापर्यंत पाणी चढते हे त्याला पाठ असते. अनेकदा ते त्याच्याखेरीज कोणालाच माहीत नसते आणि तो निवृत्त झाला की ते ज्ञान त्याच्याबरोबरच जाते. पहिल्या दहा मिनिटांतच पुढच्या घरांतल्या विजेच्या मोटारी थेट नळाला लागतात आणि शेवटच्या टोकाच्या बायका रिकाम्या घागरींशेजारी बसून राहतात. अशा वेळी आपल्या गल्लीसाठी व्हॉल्व्ह आणखी अर्धा तास उघडा ठेवायला लावणारे नगरसेवक मी पाहिले आहेत. गल्लीत त्यांचा जयजयकार होतो, पण तो अर्धा तास कोठून तरी कापलेला असतो आणि ज्यांचा कापला त्यांना तो कोणी कापला हे कधीच कळत नाही. तू पाणी सोडण्याच्या आणि बंद करण्याच्या वेळा नोंदवहीत लिहिल्या जाव्यात आणि त्या प्रत्येक गल्लीत फळ्यावर लागाव्यात एवढाच आग्रह धर. मोटारींवर कारवाई करा म्हणणे कठीण आहे, मतेही जातील, तरी म्हण.

चार जणांचा प्रभाग हा आणखी एक घोळ आहे. गटार तुंबले की लोकांनी कोणाकडे जायचे हे ठरत नाही आणि रस्ता झाला की चौघांचीही नावे फलकावर लागतात. बाकीचे तिघे कोणत्या पक्षाचे आहेत ते बाजूला ठेवून त्यांच्याबरोबर बसून गल्ल्यांची नव्हे तर विषयांची वाटणी करून घे. पाणी एकाने, ड्रेनेज दुसऱ्याने, अशी. ते ऐकतील याची मला फारशी खात्री नाही.

येत्या काही आठवड्यांत अंदाजपत्रक येईल. आयुक्त ते स्थायी समितीपुढे ठेवतात आणि स्थायी समिती आपल्या फेरबदलांसह सर्वसाधारण सभेपुढे आणते. या फेरबदलांतच गंमत असते. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही गेला, आणि आता महापालिकेचा मोठा आधार म्हणजे शासनाकडून दरमहा येणारे जीएसटीचे अनुदान आणि आपली स्वतःची मिळकत कराची वसुली. अनुदान आपण वाढवू शकत नाही. मग ज्याला त्याला आपल्या प्रभागात काम हवे असते म्हणून वसुलीचा अपेक्षित आकडा फुगवला जातो, त्या फुगवलेल्या आकड्यावर शेकडो कामे लिहिली जातात, आणि वर्ष सरताना ‘निधी उपलब्ध नाही’ या शेऱ्यानिशी तीच कामे पुढच्या वर्षात ढकलली जातात. तू गेल्या तीन वर्षांचे मिळकत कराचे अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी शेजारी मांडून बघ. सभागृहात उभी राहून तेवढे दोन रकाने जरी वाचून दाखवलेस तरी पुष्कळ झाले, मग तुझ्या पक्षातले ज्येष्ठ कितीही डोळे वटारोत.

अंदाजपत्रकात नाव आले म्हणजे काम झाले असेही समजू नकोस. जागेची पाहणी, खर्चाचा अंदाज, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, मग काम, मग मोजमाप पुस्तकातील नोंद आणि शेवटी बिल, असा हा मार्ग आहे आणि या प्रत्येक पायरीवर फाइल झोपू शकते. आपल्या कामाची फाइल आज कोणत्या टेबलावर आहे हे तारखेसह एका वहीत लिहून ठेवणारा एक नगरसेवक मी पाहिला होता. त्याला भाषण येत नसे, पण त्याच्या वहीला सगळे खाते वचकून असे. मोजमाप पुस्तक मागून घेऊन वाच. गटाराचा पाइप किती व्यासाचा लिहिला आहे आणि प्रत्यक्षात किती व्यासाचा पुरला आहे हे चर बुजवण्यापूर्वीच पाहावे लागते.

तुझ्या प्रभागातील निम्म्या घरांत विडीचे सूप मांडीवर असते आणि उरलेल्यांत यंत्रमागाच्या पाळ्या असतात, हे तुला मी सांगायला नको. विड्या पोचत्या करण्याची वेळ चुकली तर त्या बाईची त्या दिवसाची मजुरी अडचणीत येते. ती सकाळी अकराला तुझ्या कार्यालयात येऊ शकत नाही. तेव्हा संध्याकाळी तूच तिच्या ओट्यावर जात जा. तुला तेलुगू बोलता येते, ते निवडणुकीपुरते ठेवू नकोस. तक्रार माणूस आपल्या घरच्या भाषेत सांगतो तेव्हा ती पुरी सांगतो. मराठीत सांगताना पुष्कळदा ‘पाणी नाही’ एवढेच सांगून मोकळा होतो.

आता थोडे घरचे. 2011 पासून आपल्या राज्यात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत आणि तेव्हापासून ‘नगरसेविकेचे पती’ नावाचे एक बिनपगारी पदही निर्माण झाले आहे. जावईबापू सज्जन आहेत, तुझ्या प्रचारात त्यांनी कामावरची रजा खर्ची घातली, हे मी विसरलेलो नाही. तरीही फोन तुझा तूच उचल, बैठकीत तूच बोल, आणि ‘साहेबांशी बोला’ हे वाक्य तुझ्या कार्यालयात कोणाच्या तोंडी येऊ देऊ नकोस. हे त्यांना मी सांगणे बरे दिसणार नाही, तूच सांग. तुझे धाकटे दीर रस्त्यांची कामे घेतात. महापालिकेच्या कंत्राटात नगरसेविकेचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर पद जाते, असे कायदाच म्हणतो. तुझा त्यात पैशाचाही वाटा नसेल हे मला ठाऊक आहे. पण त्यांनी तुझ्या प्रभागातली निविदा भरूच नये, हे आताच, कार्यादेश निघण्यापूर्वी, घरात बसून ठरवून टाका. वाईटपणा येईल. वहिनींना माझे नाव सांगितलेस तरी चालेल.

सभेला जाताना महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीच्या पायऱ्या चढशील, तेव्हा याच गावच्या नगरपालिकेने एप्रिल 1930 मध्ये, इंग्रजी अंमलात, आपल्या इमारतीवर तिरंगा चढवला होता हे ध्यानात असू दे. पुढच्याच महिन्यात गावात मार्शल लॉ आला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी झाली. त्यांच्या पुतळ्यांना हार घालायला तुला दर वर्षी बोलावतील, तू जाशीलही. मी हे काढले ते एवढ्यासाठी, की ज्या गावच्या लोकांनी स्वातंत्र्यासाठी अशी किंमत मोजली, त्याच गावात एकामागून एक विषय न वाचता ‘मंजूर, मंजूर’ म्हणून बाके वाजवून सभा आटोपताना मी पाहिली आहे. विषयपत्रिका आदल्या रात्री घरी वाचत जा. कळले नाही तर दुसऱ्या दिवशी सभेत ‘मला हा विषय कळला नाही, खुलासा करावा’ असे सरळ म्हण. ते लेखी नोंदवून घ्यायला मात्र विसरू नकोस, कारण इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होताना अशी वाक्ये हटकून गळतात.

अंदाजपत्रकाची प्रत हाती आली की एक मला आणून दे. डोळे अधू झाले आहेत, पण रकाने अजून वाचता येतात. जमेची बाजू मी पाहून पेन्सिलीने खुणा करून ठेवीन, खर्चाची तू पाहा. तुझ्या आईने शेंगाचटणी कुटून ठेवली आहे, ती डब्यासकट घेऊन जा, आणि रिकामा डबा या वेळी तरी परत पाठव.

तुझे,
अप्पा