उधारीची वही कुणी मागत नाही

मा. संपादक,
स. न.

नवं शैक्षणिक धोरण कॉलेजांत आल्यापासून कॉमर्स आणि बीबीएच्या मुलांना फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन-जॉब ट्रेनिंग करावं लागतं. त्यांतली बरीच मुलं माझ्याकडे येतात, म्हणून हे पत्र. मी कराडला पेठेत किराणा-भुसार दुकान चालवते. दुकान सासऱ्यांनी सुरू केलेलं. मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे लग्न होऊन आले तशा वह्या माझ्याकडे आल्या, आणि पुढे गल्लाही.

मुलं दोघं-तिघं मिळून येतात. हातात छापील प्रश्नावली, नाहीतर मोबाइलवर गूगल फॉर्म. ‘काकू, दोनच मिनिटं.’ मॉलमुळे तुमच्या व्यवसायावर परिणाम झाला का? पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत. ऑनलाइन खरेदीमुळे झाला का? पुन्हा तीच पाच घरं. माझं निम्मं गिऱ्हाईक आसपासच्या खेड्यांतलं, पण विषय बहुतेक पुण्या-मुंबईहून उचललेले. उधारी देता का? हो किंवा नाही. शेवटी दुकानाचा शिक्का आणि शॉप अ‍ॅक्टची झेरॉक्स. काहींना तर नुसता शिक्काच हवा असतो, फॉर्म ती बाहेर मोटरसायकलवर बसून भरतात.

मुलांना मी दोष देत नाही. एकेका सरांकडे पन्नास-साठ मुलं सोपवलेली, आणि अहवालाची प्रकरणं आधीच ठरलेली: प्रस्तावना, उद्दिष्टं, गृहीतकं, तक्ते, निष्कर्ष. शंभर दुकानं हवीत म्हटल्यावर शंभरच करावी लागतात. एका दुकानात तासभर बसलं तर शंभर कधी व्हायची?

पण ‘उधारी देता का’ या प्रश्नापाशी माझा हात दर वेळी अडतो. माझ्या उधारीच्या वह्या आडनावांप्रमाणे लावलेल्या नाहीत, गिऱ्हाइकाच्या हातात पैसा कधी येतो त्याप्रमाणे लावलेल्या आहेत. दूधवाल्यांची वही वेगळी, कारण डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. त्यांची बाकी दहा दिवसांपलीकडे गेली की म्हैस आटली, नाहीतर घरात दुखणं आलं असं समजायचं. मास्तर आणि पेन्शनर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाकी फेडून कोरे होतात. गवंडी, सेंट्रिंगवाले आठवड्याच्या पगारावर. ऊसतोडीच्या टोळ्यांना सरळ उधारी कुणीच देत नाही, त्यांचा माल मुकादमाच्या शब्दावर जातो. सगळ्यात जाड वही ऊसवाल्यांची.

ऊस कारखान्यात पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दराचे, पैसे द्यायचे, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. प्रत्यक्षात बिल कधी निघेल आणि किती हप्त्यांत, हे गावात कुणी छातीठोकपणे सांगत नाही. बिल लांबलं की पहिल्यांदा बासमती जातो आणि साधा तांदूळ येतो. मग गोडंतेल पाच लिटरच्या कॅनवरून एक लिटरच्या पिशवीवर उतरतं. साबण तोच राहतो, पण चारचा पॅक जाऊन सुटी वडी जाते. चहा-साखर मात्र हलत नाही, ती फक्त उधारीवर चढते. मी तेवढा माल डिस्ट्रिब्युटरकडून कमी उचलते. त्याचा सेल्समन टार्गेट चुकलं म्हणून तोंड वाकडं करतो आणि पुढे कधीतरी पेपरात वाचायला मिळतं की ग्रामीण मागणी मंदावली. आमच्या वहीत ती आधीच मंदावलेली असते, गल्लीसकट आणि कारणासकट.

एवढं सगळं त्या फॉर्ममध्ये ‘हो’ या चौकोनात जातं.

दुसरी गोष्ट गेल्या नवरात्रातली. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्याच दिवशी, जीएसटीचे दर बदलले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. गिऱ्हाइकाचा फायदा झाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्यासारखे छोटे दुकानदार जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात: वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत, उलाढालीवर १ टक्का कर भरायचा, आणि खरेदीवर भरलेला कर परत मागायचा नाही. म्हणजे दिवाळीसाठी आधीच भरून ठेवलेला माल आम्हाला १८ टक्के करासकट पडलेला. लोक टीव्हीवर बातमी बघून सकाळीच आले, जुन्या पुड्यावर नवा भाव मागत. मधला फरक कुणी सोसायचा? काही डिस्ट्रिब्युटरांनी क्रेडिट नोट दिली, म्हणजे तेवढी रक्कम आमच्या खात्यावर जमा धरली, काहींनी ‘कंपनीकडून आलं की बघू’ म्हटलं. काही कंपन्यांचा पाच रुपयांचा बिस्किटपुडा मध्यंतरी साडेचारच्या आसपास आला होता. पन्नास पैसे आता कुणाच्या खिशात असतात? अर्ध्या लोकांना मी ते सोडले, उरलेल्यांनी मला.

किरकोळ व्यापारात एवढी मोठी उलथापालथ डोळ्यांसमोर चाललेली असताना, त्याच दिवसांत माझ्याकडे जी मुलं आली त्यांच्या कागदावर विषय होता ग्राहकांचं समाधान, मोजपट्टी एक ते पाच. जुन्या मालाचं काय झालं, हे एकानंही विचारलं नाही. त्यांच्या सरांनीही विचारायला सांगितलं नसणार, कारण प्रश्नावली गेल्या वर्षीचीच होती. वरचं साल तेवढं बदललेलं.

असाच दुसरा विषय जुलै २०२२ पासून पडून आहे. पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर २५ किलोपर्यंत ५ टक्के जीएसटी लागला, सुटी विकली तर नाही. लगोलग २६ किलोचे कट्टे बाजारात आले. एका किलोनं कर कसा टळतो आणि मग तो कट्टा फोडून सुटा विकणाऱ्या माझ्यासारखीच्या हाती घट जाऊन काय उरतं, हे कॉमर्सच्या वर्गात एका तासात फळ्यावर मांडता येईल. करकायदा, किंमत ठरवणं आणि गिऱ्हाइकाची वागणूक, तिन्ही एका कट्ट्यात आहेत.

एक मुलगी मात्र लक्षात राहिली आहे. फॉर्म भरता भरता ती वर टांगलेल्या शाम्पूच्या लडीकडे बघत होती. मग तिनं बाटली मागितली, तिच्यावरचे मिली वाचले, पुडीवरचे वाचले आणि मोबाइलवर भागाकार केला. एक रुपयाच्या पुडीतला शाम्पू बाटलीतल्या तेवढ्याच शाम्पूपेक्षा कितीतरी स्वस्त पडत होता. ‘काकू, मोठं घेतलं की स्वस्त पडतं असं आम्हाला शिकवलंय.’ मी म्हटलं, डाळीत पडतं, शाम्पूत नाही. का, ते तूच शोध. पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली, तर सरांनी ‘हे विषयाबाहेरचं आहे’ म्हणून ते पान काढायला लावलं होतं. शंभर फॉर्मांतला एकमेव प्रश्न, जो तिचा स्वतःचा होता, तोच नेमका गेला.

दुकानात बसून अभ्यास होत नाही असं कुणी म्हणू नये. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या फळबाजाराची पाहणी करून ती १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे फळांची खरेदी-विक्री हा आपल्याकडे नव्वद वर्षांपूर्वीच संशोधनाचा विषय झाला होता. हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विख्यांबरोबर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत होते. आणि शिकण्याच्या पद्धतीचं म्हणाल, तर आमच्या कराडजवळच्या काल्यातच १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. त्यांची ‘कमवा आणि शिका’ योजना या जिल्ह्याला नवी नाही. आज त्याच कल्पनेला इंग्रजी नाव आणि क्रेडिट मिळालेत, काम मात्र शिक्क्यापुरतं उरलंय.

विद्यापीठाच्या आणि कॉलेजांच्या लोकांना माझं सांगणं असं की शंभर दुकानांचा हट्ट सोडा. एका मुलाला एकच दुकान द्या, आणि ते एक गाळप हंगामभर द्या, दिवाळीच्या खरेदीपासून होळीपर्यंत. आठवड्यातून दोनदा येऊन त्यानं रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, बघावा, कुठला माल किती दिवस फळीवर राहिला ते लिहावं, एक्स्पायरीचा माल कुणी परत घेतला आणि कुणी नाही हे टिपावं, सेल्समन ‘दहावर एक फ्री’ म्हणतो तेव्हा ती स्कीम घ्यावी की पैसा अडकवू नये, याचा हिशोब माझ्यासमोर मांडावा. चुकला तर मी सांगेन, मी चुकले तर त्यानं सांगावं. उधारीची वही मी नावं झाकून दाखवीन. नावं उघड करणार नाही, ती माणसं रोज माझ्यासमोर उभी राहतात.

सरांचाही प्रश्न आहे, तो मला कळतो. पन्नास मुलांची पन्नास दुकानं ते कशी बघणार? मग दोघा-तिघांत एक दुकान द्या, पण टक्के आणि आलेख मोजून गुण देऊ नका. मुलानं दुकानदाराला न सुचलेली एखादी गोष्ट दाखवली का, हे तोंडी परीक्षेत विचारा. पाहिजे तर त्या दिवशी आम्हा दुकानदारांपैकी एखाद्याला बोलवा. चहापाण्याचा खर्चही नको.

आणि लिहिलेलं आम्हाला मिळू द्या. इतकी वर्षं मी फॉर्म भरून देते आहे, पण तयार अहवाल माझ्या काउंटरवर परत आलेला नाही. मराठीत चार पानं पुरेत. कुठला माल मरतो, कुठल्या वस्तूवर माझं भाडं निघतं आणि कुठल्या गिऱ्हाइकासाठी मी उगाच भाव पाडते, एवढं त्यात असलं तर पुढच्या वर्षी मीच कॉलेजात जाऊन मुलं मागून आणीन.

ज्यांना यायचं त्यांनी दुपारी दोन ते चारमध्ये यावं. संध्याकाळी सहानंतर आणि बाजाराच्या दिवशी येऊ नये, तेव्हा मला मान वर करायला वेळ नसतो.

आपली,
एक किराणा दुकानदार, कराड
(वहीतल्या गिऱ्हाइकांचा उल्लेख असल्यानं कृपया नाव छापू नये.)